ब्लूज, ब्लूग्रास, ओल्ड-टाइम, आयरिश : सगळ्यांना पुरेल अशी एकच गिटार कशी निवडावी

हिंदी-मराठी गाण्यांचे कॉर्ड वाजवून हात बसला, मग कधीतरी डॉक वॉटसन किंवा मिसिसिपी जॉन हर्ट असा जुना अमेरिकन गिटारवादक कानावर पडला, आणि आता हातातली गिटार तसं काही बोलतच नाही, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं ब्लूज, ॲपलेशियन डोंगरातलं ओल्ड-टाइम, त्यातून पुढे निघालेलं ब्लूग्रास, जुनं कंट्री आणि ज्यांच्या फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) धुनी समुद्र ओलांडून तिकडे पोचल्या ते आयरिश-स्कॉटिश संगीत, या सगळ्यांना मिळून ‘रूट्स’ म्हणतात. प्रत्येक प्रकाराला वेगळी गिटार ठेवणारे लोक आहेत. आपल्याला बहुधा एकच परवडणार आहे, आणि दुसरी परवडली तरी मुंबई-पुण्याच्या घरात ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतोच.

दुकानात विचारलंत तर चर्चा ब्रँडपासून सुरू होते, जाणकारांना विचारलंत तर लाकडापासून. मला दोन्ही उलटं वाटतं. या शैली एकमेकींपासून वेगळ्या पडतात त्या दोन जागी : तुमचा उजवा हात तारेशी काय करतो, आणि शेजारी बसून कोण काय वाजवतंय. ही दोन उत्तरं आधी मिळवा. आकार, नट, तारा त्यांच्या मागून येतात. लाकूड सगळ्यांत शेवटी.

१. उजव्या हाताचा हिशोब कागदावर मांडा

हल्ली पुन्हा पुन्हा ऐकत असलेली दहा गाणी किंवा धुनी लिहा. प्रत्येकीपुढे दोनच गोष्टी नोंदवा : पिक की बोटं, आणि एकट्याने की चारचौघांत. कान तयार नसेल तर व्हिडिओ बघा, हात दिसतोच. ढोबळमानाने पुढचे प्रकार सापडतील.

ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइमची साथ : जाड पिक, खर्जाची एक तार, मग बाकीच्या तारांवर फटका, पुन्हा खर्ज. गिटारचं मुख्य काम ठेका धरणं. शेजारी फिडल, मॅन्डोलिन आणि बॅन्जो. (बॅन्जो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे. पाच तारांचा, गोल कातडी पडद्याचा, आणि जवळ बसलं तर कान बधिर करणारा.) इथे गिटारला आवाज लागतो आणि फटका झेलायची ताकद लागते.

फ्लॅटपिकिंग : फिडलच्या वेगवान धुनी पिकने गिटारवर वाजवणं. नॉर्थ कॅरोलिनातल्या डॉक वॉटसनने हे मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आणलं. इथे प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा, म्हणजे एक सूर दुसऱ्यात सांडता कामा नये.

कार्टर पद्धत : अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवायची आणि तर्जनीने वरच्या तारांवर ठेका झाडायचा. मेबेल कार्टरची ही पद्धत १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात झालेल्या ध्वनिमुद्रणांपासून घराघरात पोचली. खर्जाच्या तारा स्पष्ट बोलणारी कुठलीही गिटार हिला चालते. खुद्द मेबेलबाईंनी आयुष्यभर वाजवली ती गिब्सन कंपनीची एल-५, म्हणजे व्हायोलिनसारखा फुगीर टॉप (बॉडीची वरची फळी) असलेली, आज ज्याला कोणी ‘कंट्री गिटार’ म्हणणार नाही अशी.

अंगठा-बोटांचं ब्लूज आणि रॅगटाइम : अंगठा खर्जाच्या दोन-तीन तारांवर आळीपाळीने चालत राहतो, तर्जनी आणि मधलं बोट वर चाल काढतात. मिसिसिपी जॉन हर्ट, एलिझाबेथ कॉटन, आणि केंटकीकडचा मर्ल ट्रॅव्हिस, ज्याच्या नावाने ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ ओळखतात. इथे आवाज मोठा नसला तरी चालतो. हलक्या बोटाला गिटारने लगेच उत्तर द्यायला हवं, आणि तारांमध्ये बोटं शिरायला जागा हवी.

स्लाइड : डाव्या हाताच्या बोटात काचेची किंवा धातूची नळी, तारा मोकळ्या कॉर्डात लावलेल्या. तारा किंचित उंच आणि जाड असल्या तर बरं.

आयरिश साथ : बरेच जण तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात, म्हणजे नेहमीच्या लावणीतल्या सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारा एकेक पूर्ण सूर खाली. तारा ढिल्या पडतात, खर्ज भरभरून वाजतो आणि ढिली तार फ्रेटवर खडखडते.

कागदावर बोटांची गाणी सहा-सातच्या पुढे गेली तर तुम्ही बोटांचे, पिकची गेली तर पिकचे. पाच-पाच आलं तरी घाबरू नका, बहुतेकांचं तसंच येतं. पुढचा लेख खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

२. आकार ठरवा

याच पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा, कारण बाकी जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं. तारा बदलतात, सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) बदलतो, पिकअप (गिटार ॲम्प्लिफायरला जोडायचं यंत्र) बसवता येतो. बॉडी बदलत नाही.

ड्रेडनॉट. आपल्याकडच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटारी याच आकाराच्या किंवा याच्या नकला. नाव ब्रिटिश युद्धनौकेचं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार बोस्टनच्या ऑलिव्हर डिट्सन कंपनीसाठी बनवला आणि १९३१ मध्ये स्वतःच्या नावाने विकायला घेतला. खालचा भाग सुमारे ३९७ मि.मी. रुंद, कंबर जवळपास नाहीच, बॉडी खोल. खर्ज दणदणीत, फटका मारला तरी आवाज फाटत नाही. म्हणूनच ब्लूग्रासमध्ये तिचं राज्य आहे. तोटा असा की हलक्या बोटांनी वाजवताना खर्ज वरच्या तारांना झाकतो. शिवाय उंची बेताची असेल तर उजवा खांदा वर उचलून बसावं लागतं, आणि तासाभराने तो खांदा बोलायला लागतो.

ट्रिपल-ओ आणि ओएम. खालचा भाग सुमारे ३८१ मि.मी., कंबर घट्ट, खोली कमी. मांडीवर नीट बसते. ओएमची जन्मकथा आपल्या विषयाला धरून आहे : १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बॅन्जोवादकाला गिटारवर यायचं होतं आणि त्याला बॉडीबाहेर जास्त फ्रेट मोकळे असलेला नेक हवा होता. तोवर बहुतेक गिटारींचा नेक १२ व्या फ्रेटला बॉडीला मिळायचा, ओएमचा १४ व्या फ्रेटला मिळाला. म्हणजे ही गिटार मुळात एका वाद्यावरून दुसऱ्यावर, एका शैलीतून दुसरीत जाणाऱ्या माणसासाठीच बनली. खालचे-वरचे सूर समतोल, खर्ज आटोपशीर, पिक आणि बोटं दोन्हींना बरं उत्तर देते.

डबल-ओ आणि गिब्सनच्या जुन्या एल मालिकेसारख्या छोट्या गिटारी. ब्लूजवाल्यांच्या लाडक्या. रॉबर्ट जॉन्सनच्या प्रसिद्ध स्टुडिओ छायाचित्रात त्याच्या हातात गिब्सनची एल-१ आहे. (त्याच गिटारवर त्याने ध्वनिमुद्रण केलं, असं त्यावरून ठरत नाही.) त्या काळातले पुष्कळ वादक तर कॅटलॉग बघून टपालाने मागवलेल्या, आतून शिडीसारख्या आडव्या पट्ट्या लावलेल्या स्वस्त गिटारी वाजवत. तो कोरडा, थोडा डब्यासारखा आवाज आज लोक मुद्दाम शोधतात. एकट्याने घरात वाजवायला उत्तम. चौघांत बसलात की मात्र तुम्ही वाजवताय हे फक्त तुम्हालाच कळेल.

उतरत्या खांद्यांची ड्रेडनॉट. गिब्सनने १९४२ मध्ये आणलेली जे-४५ आणि तिच्या वळणाच्या बऱ्याच गिटारी. आकार मोठा, पण स्केल (तारेची वाजती लांबी) आखूड आणि आवाज कोरडा, लवकर विझणारा. गाणाऱ्याच्या साथीला आणि ब्लूजला छान बसते.

माझा कौल ओएम किंवा १४ फ्रेटच्या ट्रिपल-ओला आहे. याला एकच अपवाद मान्य : तुम्ही परदेशात राहत असाल, जवळपास नेमाने ब्लूग्रासची बैठक भरत असेल आणि दर आठवड्याला शेजारी बॅन्जो असेल. मग ड्रेडनॉटच घ्या. महाराष्ट्रात असा योग विरळाच, त्यामुळे ती दणदणीत ताकद बहुतेक वेळा पडून राहते. ड्रेडनॉटवर बोटांनी वाजतच नाही असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. डॉक वॉटसन वर्षानुवर्षं टेनेसीत बनलेली गॅलाघर कंपनीची ड्रेडनॉट वाजवत, आणि त्यांचं पिकचं काम नि बोटांचं काम अशा एकाच मोठ्या गिटारवर चालायचं. त्यांच्या हाताचा अंकुश आपल्याकडे नाही, एवढाच फरक.

३. नट आणि स्केल मोजा

नट म्हणजे नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी. तिची रुंदी दोन मापांत येते : सुमारे ४३ मि.मी. आणि सुमारे ४४.५ मि.मी. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण बोटांनी वाजवताना शेजारची तार चुकून दबते की नाही, ते या दीड मिलिमीटरवर ठरतं. पिकवाल्यांना ४३ आवडतो. डाव्या हाताचा अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची सवय असेल, मर्ल ट्रॅव्हिस दाबायचा तशी, तरीही ४३ बरा. बाकी सगळ्यांनी आधी ४४.५ शोधावा. ब्रिजपाशी (बॉडीवरच्या ज्या लाकडी तुकड्यावर सॅडल बसतो तिथे) पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतरही मोजा : ५४ मि.मी.च्या आसपास असेल तर पिकला सोयीचं, ५७ च्या आसपास असेल तर बोटांना.

स्केल म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत तारेची वाजती लांबी. लांब स्केल ६४५ मि.मी.च्या आसपास, आखूड ६३० च्या आसपास. लांब स्केलवर तार ताणलेली राहते, म्हणून खाली लावलेल्या आयरिश लावणीला आणि जोरदार पिकला ती बरी. आखूड स्केलवर तार खेचून सूर चढवणं सोपं, आणि लहान हातांना फ्रेट जवळ पडतात. कागदावर आयरिश आणि ब्लूग्रास जास्त आलं असेल तर लांब, ब्लूज जास्त असेल तर आखूड.

४. टॉप सॉलिड आहे का, ते स्वतः बघा

आवाज बनतो तो टॉपमधून. सॉलिड टॉप म्हणजे एकाच लाकडाच्या पातळ फळ्या (सहसा दोन, मधोमध जोडलेल्या). लॅमिनेट म्हणजे थर चिकटवलेलं प्लायवूड. जाहिरातीत ‘स्प्रूस टॉप’ (स्प्रूस हे टॉपसाठी नेहमी वापरतात ते फिकट लाकूड) एवढंच लिहिलं असेल तर ते प्लायवूडच समजा. सॉलिड असेल तर कंपनी तो शब्द गाळत नाही.

खात्री करायची तर मधल्या गोल भोकाची कड टॉर्चखाली बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून वळून आत तशाच उतरताना दिसल्या तर सॉलिड. कडेला आडवे थर दिसले, किंवा कड काळ्या रंगाने माखलेली असली आणि काहीच दिसत नसलं, तर शंका घ्या. यामाहाची एफ३१० आपल्याकडे असंख्य जणांची पहिली गिटार आहे. ती टिकाऊ आहे, सुरात राहते, पण टॉप लॅमिनेट. त्याच कंपनीच्या एफजी८०० आणि तिची छोट्या बॉडीची बहीण एफएस८०० यांचा टॉप सॉलिड स्प्रूसचा आहे. दुकानात एफ३१० आणि एफएस८०० पाठोपाठ मागून वाजवा, फरक ऐकायला तयार कान लागत नाही.

५. मागचं-बाजूचं लाकूड : यावर झोप उडवू नका

रूढ समज असा : महोगनी कोरडी, सुटी, ब्लूज आणि फ्लॅटपिकिंगला योग्य. रोझवूड भरलेलं, आस (सुराचं रेंगाळणं) लांब, ब्लूग्रासच्या साथीला आणि आयरिश लावणीला योग्य. मार्टिनच्या डी-१८ (महोगनी) आणि डी-२८ (रोझवूड) यांची तुलना याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं चालू आहे.

इंग्लंडमधल्या लँकास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच आराखड्याच्या सहा गिटारी, फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडात फरक, आणि ५२ वादक. कोणती गिटार हातात आहे ते दिसू नये अशी व्यवस्था. वादकांनी सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले. स्वस्त लाकूड महागापेक्षा कमी पडलं नाही. तेव्हा दोन गिटारींमध्ये सगळं सारखं असेल आणि फक्त मागचं लाकूड वेगळं असेल, तर स्वस्त घ्या आणि वाचलेले पैसे सेटअपवर (कारागिराकडून नेकचा बाक, तारांची उंची नीट लावून घेण्यावर) घाला.

जाता जाता : ज्या ‘इंडियन रोझवूड’च्या नावावर परदेशी कंपन्या गिटारी विकतात ते आपलं शिसव. मार्टिनने १९६९ मध्ये ब्राझीलचं रोझवूड सोडून नेहमीच्या उत्पादनात हे वापरायला घेतलं. आजीच्या घरातल्या शिसवी कपाटाकडे वाकड्या नजरेने बघू नका, त्याच्या फळ्या फार जाड असतात.

६. पैशाचा अंदाज

किमती हलत राहतात, म्हणून हे ढोबळ घ्या. दहा-बारा हजारांपर्यंत बहुतेक सगळं लॅमिनेट मिळतं. वीस ते तीस हजारांत नावाजलेल्या कंपनीची सॉलिड टॉपची गिटार येते. टॉप, मागची बाजू, कडा सगळंच सॉलिड हवं असेल तर पन्नास-साठ हजारांच्या पुढे तयारी ठेवा.

माझ्या मते शहाणपणाची जागा मधली आहे. बजेटमधले दोन-तीन हजार मात्र आधीच बाजूला काढा : सेटअप, चांगल्या तारा, कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र. पंचवीस हजारांची गिटार आणि शून्य रुपयांचा सेटअप यापेक्षा अठरा हजारांची नीट लावलेली गिटार कधीही चांगली वाजते.

७. दुकानात जाताना आणि दुकानात

सोबत न्यायच्या वस्तू :

– ६० सें.मी.ची स्टीलची पट्टी, शून्य अगदी कडेपासून सुरू होणारं. प्लॅस्टिकच्या पट्टीला पुढे मोकळी जागा असते, तिने तारेची उंची मोजता येत नाही.
– क्लिपचा ट्यूनर आणि कॅपो
– दोन पिक, एक ०.७ मि.मी., एक १.२ च्या आसपास. दुकानदार हातात देतो तो पातळ पिक सगळ्याच गिटारींना सारखं बनवतो.
– एक व्हिजिटिंग कार्ड आणि एक साधा कागद
– मोबाइलचा टॉर्च
– थोडंफार वाजवणारा एक मित्र

जमलं तर कामाच्या दिवशी सकाळी जा. शनिवारी संध्याकाळी चार पोरं एकाच वेळी ॲम्प्लिफायरवर सुटलेली असतात, तेव्हा छोट्या गिटारचा आवाज ऐकणं अशक्य. मुंबईत धोबी तलावच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे एका फेरीत बरेच आकार हाताळून होतात. छोट्या गावातून येणार असाल तर आधी फोन करून ‘ओएम किंवा ट्रिपल-ओ बॉडी आहे का’ असं नाव घेऊन विचारा. नुसतं ‘अकूस्टिक आहे का’ विचारलंत तर उत्तर नेहमी ‘आहे’ असतं.

मग या क्रमाने तपासा.

एक, सुरात लावा. न लावलेल्या गिटारबद्दल मत बनवू नका.

दोन, नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, सहावी तार १४ व्या फ्रेटवर दाबा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटच्या वर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असावी. जास्त किंवा शून्य असेल तरी बिघडलं नाही, नेकच्या आतला ट्रस रॉड (धातूचा दांडा) फिरवून ते दुरुस्त होतं.

तीन, नेकचा कोन. हे महत्त्वाचं, कारण हे सहज दुरुस्त होत नाही. पट्टी फ्रेटांवर मधोमध, नेकच्या लांबीत ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडी माथ्यावर अलगद टेकलं पाहिजे. ब्रिजला खाली धडकलं तर नेक पुढे झुकलाय. नेक काढून पुन्हा बसवायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीएवढा जातो, म्हणून अशी गिटार सरळ परत ठेवा.

चार, ॲक्शन. १२ व्या फ्रेटवर तारेची उंची : सहाव्या तारेला २.४ मि.मी.च्या आसपास, पहिलीला १.६ ते १.८. जरा जास्त असेल आणि तिसरी चाचणी पास असेल तर सॅडल घासून कमी करता येते. १२ व्या फ्रेटवर जितकी कमी करायची, त्याच्या दुप्पट सॅडल घासावा लागतो, म्हणून सॅडल ब्रिजच्या वर पुरेसा दिसतोय ना ते बघा.

पाच, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा. कंटाळवाणं आहे, पण करा. तंबोऱ्याला जवारी लागते, गिटारला नाही : सुराबरोबर खर्रर्र असं काही आलं की तो फ्रेट बसलाय किंवा पुढचा वर आलाय.

सहा, १२ व्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून येणारा घंटीसारखा सूर ट्यूनरवर जुळवा. मग कॅपो दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर लावून जी-चा कॉर्ड वाजवा. ब्लूग्रास-ओल्ड-टाइमवाले पट्टी बदलायला हेच करतात, त्यामुळे कॅपो लावून बेसूर होणारी गिटार आपल्या कामाची नाही.

सात, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर गोंद सुटतोय.

आठ, आता वाजवा, आणि दोन्ही हातांनी : आधी जाड पिकने जोरात, मग बोटांनी अगदी हळू. एका टोकाला आवाज फाटतो का आणि दुसऱ्या टोकाला गिटार गप्प होते का, एवढंच ऐका. एकाच गिटारकडून अनेक शैली हव्या असतील तर या दोन टोकांमधलं अंतरच तुम्ही विकत घेताय. मग गिटार मित्राकडे द्या आणि समोर दहा फुटांवर उभे राहा. वाजवणाऱ्याला जी दणदणीत वाटते ती समोरून कधी कधी पुसट येते.

८. नेहमीचे सापळे

कटवे आणि पिकअप. बॉडीचा एक कोपरा कापलेली, बाजूला बटणं असलेली गिटार छान दिसते. ठरलेल्या बजेटमध्ये ते पैसे लाकडातूनच वजा होतात. या संगीतात १४ व्या फ्रेटच्या वर जाण्याची गरज क्वचित पडते. पिकअप पुढे कधीही बसवता येतो.

‘जम्बो’. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या गिटारला हा शब्द चिकटवतात. शब्दाकडे बघू नका, पट्टी काढा.

‘हवाईयन’. स्लाइड वाजवायची म्हटलं की काही दुकानदार ही पुढे करतात. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, तारा इतक्या उंच की फ्रेटवर दाबताच येत नाहीत. वाद्य सुंदर आहे, पण तिच्यावर बाकी काही वाजणार नाही. स्लाइडसाठी वेगळी गिटार नको, जाड तारा आणि वेगळी लावणी पुरते. धातूच्या शंकूची रेझोनेटर गिटारही पहिली म्हणून घेऊ नका.

बारा तारांची. बारा तारांवर गाणारा ब्लूजवाला लेड बेली आवडतो म्हणून पहिलीच गिटार बारा तारांची घ्यायची इच्छा होते. इच्छा दाबून टाका.

नकली माल. डोक्यावर मार्टिन लिहिलेली गिटार अशक्य स्वस्तात मिळत असेल तर ती मार्टिन नाही. खऱ्या मार्टिनचा सिरियल नंबर भोकातून आत बघितलं की नेकच्या ठोकळ्यावर उमटवलेला दिसतो. विकणाऱ्याकडून त्याचा फोटो मागा.

डावखुऱ्यांसाठी : डाव्या हाताच्या गिटारी आपल्याकडे फार कमी मिळतात आणि निवड एक-दोन मॉडेलांवर येऊन थांबते. एलिझाबेथ कॉटन उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायच्या, अंगठ्याने चाल आणि बोटांनी खर्ज. तसं शिकायचं नसेल तर दुकानापेक्षा ऑनलाइन मागवा, पण परत करण्याची मुदत आधी वाचा आणि सातव्या पायरीतल्या चाचण्या त्या मुदतीत उरका.

९. कागद

पक्की पावती, तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख. गिटारचे आतले-बाहेरचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. जुनी घेत असाल तर विकणाऱ्याकडून मूळ पावती किंवा निदान लेखी चिठ्ठी घ्या.

परदेशातून आणणाऱ्यांनी पावती हातात ठेवावी, कस्टमवाले विचारतात. रोझवूडच्या सगळ्या जातींवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते. तयार वाद्यांना २०१९ अखेरीस सूट मिळाली. ब्राझीलच्या रोझवूडला ती सूट नाही. जुनी, महागडी गिटार असेल आणि तिचं लाकूड ब्राझीलचं असेल, तर परवान्याशिवाय ती सीमेपार नेऊ-आणू नका.

१०. तारा आणि सेटअप

दुकानातल्या गिटारवर सहसा पातळ तारा असतात, हाताला सोप्या लागाव्यात म्हणून. घरी आणल्यावर फॉस्फर ब्राँझचा १२-५३ चा संच लावा (आकडे म्हणजे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). मिश्र शैलींसाठी हाच मधला मार्ग. छोटी बॉडी, आखूड स्केल आणि फक्त बोटं असतील तर ११-५२. ड्रेडनॉट आणि जोरदार पिक असेल तर १३-५६, पण गिटार ते पेलेल असं कंपनीने म्हटलं असेल तरच : १२-५३ च्या संचाचा एकूण ताणसुद्धा सत्तर किलोंच्या पुढे जातो. आयरिश लावणीत तारा फार लोळत असतील तर संच १२ चाच ठेवून सहावी तार ५६ ची लावा.

तारा बदलल्यावर सेटअप करून घ्या, आधी नाही, कारण ताण बदलला की नेकचा बाक बदलतो. कारागिराला ‘ॲक्शन एकदम खाली कर’ असं सांगू नका. इलेक्ट्रिक गिटारइतकी खाली आणली की पिकच्या पहिल्या फटक्याला तारा फ्रेटवर आपटतात. ‘पिकने जोरात वाजवते, बोटांनीही वाजवते, दोन्हीला चालेल अशी ठेवा’ असं सांगा आणि त्यांच्यासमोर दोन्ही वाजवून दाखवा.

११. पहिला पावसाळा

सॉलिड टॉप घेतलात म्हणजे हवामानही घेतलंत. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती कितीतरी वर असते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, ब्रिजमागे टॉप पोटासारखा वर येतो, ॲक्शन चढते, आवाज दबतो. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात उलट : लाकूड आकसतं, फ्रेटांची टोकं बोटाला टोचायला लागतात, आणि फारच झालं तर टॉपला चीर जाते.

भिंतीवर टांगून ठेवायचा मोह टाळा, विशेषतः पावसाने ओल येणाऱ्या भिंतीवर. केसमध्ये ठेवा, आत आर्द्रतेचं यंत्र ठेवा. आकडा ६० च्या वर गेला की सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या घाला आणि रंग बदलला की त्या वाळवा. ४० च्या खाली गेला की ओला स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घालून केसमध्ये ठेवा, लाकडाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात ॲक्शन चढली म्हणून लगेच सॅडल घासून घेऊ नका : ऑक्टोबरात टॉप खाली बसला की त्याच तारा फ्रेटवर खडखडायला लागतील. तेवढ्यापुरता ट्रस रॉड थोडा फिरवून घ्या, किंवा दुसरा, जरा बुटका सॅडल बनवून केसच्या कप्प्यात ठेवा आणि जूनमध्ये तो लावा.